शब्द मी दिलता

नवस फेडायला आम्ही निघालो होतो, आणि नवस पावलेला नव्हता.

२०२१चा नोव्हेंबर, दिवाळीनंतरचा एक मंगळवार. एसटीचा संप चालू होता. स्टँडबाहेर मांडव घालून दादाच्या बरोबरीचे ड्रायव्हर-कंडक्टर बसलेले, आत गाड्या धूळ खात उभ्या. आईला बघून दोघंतिघं उठून आले, पाया पडले, कुठं निघालात म्हणाले. तुळजापूरला म्हटल्यावर त्यांच्यातल्याच एकानं वडाप जीप थांबवून आम्हाला पुढची जागा मिळवून दिली. दादा असता तर असल्या जीपमध्ये त्यानं आईला बसू दिलं नसतं. वडाप म्हणजे त्याचा जन्माचा शत्रू.

आईच्या मांडीवर पिशवी होती. हिरवी साडी, खण, नारळ, बांगड्या, हळकुंड, सुपारी, खारीक, ओटीचे तांदूळ. मागच्या सीटवरच्या एका बाईनं वाकून पाहिलं आणि बायका विचारतात तसं सहज विचारलं, "नवसाचं का?"

"व्हय."

"कुणाचा?"

"लेकाचा. लई आजारी हुता."

"पावली म्हणा की मग आई!"

"न्हाई," आई म्हणाली. "गेला त्यो."

जीपमध्ये पंधरा-सोळा माणसं कोंबलेली होती. पुढचा बराच वेळ कुणी काही बोललं नाही. ड्रायव्हरनं गाणं बंद केलं. मला त्या बाईची दया आली आणि आईचा थोडा रागही आला. "व्हय, पावली" म्हणून सोडून देता आलं असतं की.

आमच्या घराचं देवाशी खातं दोन ठिकाणी. अण्णांचं पंढरपूरला, आईचं तुळजापूरला. बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावाहून एक मावळतीकडं, दुसरं उगवतीकडं. अण्णा माळकरी. आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर दिंडीत चालायचे, एकतीस वर्षं. आई कधी वारीला गेली नाही. तिचं सगळं मंगळवार-शुक्रवार, कवड्यांची माळ, परडी. दोघांनी एकमेकांच्या देवाला कधी नावं ठेवली नाहीत, पण एकमेकांच्या देवाकडं कामही सांगितलं नाही.

दादाचं तिसरंच. तो एसटीत ड्रायव्हर. आषाढीला दरवर्षी त्याला यात्रेची जादा ड्युटी लागायची. पंढरपुराबाहेरच्या तात्पुरत्या स्टँडवर गाडी लावायची, तिच्यातच झोपायचं, भरली की सोडायची, परत यायचं. देवळापर्यंत जायला वेळ कधी मिळाला नाही. गाडीच्या टपावर चढून तो लांबून कळसाला हात जोडायचा. कळस दिसला तरी वारी पोचते असं मानतातच. "अण्णा चालत जातेत, मी चालवत जातो," हे त्याचं ठरलेलं वाक्य, आणि त्यावर स्वतःच हसायचा.

२०२० साली वारी झाली नाही. पादुका एसटीनं नेल्या. फुलांनी सजवलेली ती बस टीव्हीवर दाखवत होते, अण्णा भिंतीला टेकून बघत होते, डोळ्यांतून धार. दादा मागून म्हणाला, "बघा अण्णा. शेवटी माउलींना बी आमचीच गाडी लागली." अण्णा रडता रडता हसले. आमच्या घरात त्या वर्षी सगळे एकत्र हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

पहिल्या लाटेत त्यानं मजुरांना मध्य प्रदेशच्या हद्दीपर्यंत सोडून येणाऱ्या फेऱ्या केल्या, त्याला काही झालं नाही. दुसऱ्या लाटेत झालं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ताप, मग खोकला, मग स्कॅन. स्कोअर पंचविसात अठरा. सॅच्युरेशन आधी नव्वद, मग ब्याऐंशी. मी पुण्याहून पास काढून पोचलो तोवर त्याला ऑक्सिजनवर घेतलं होतं. मी इंजेक्शनच्या रांगेत उभा राहिलो, दोन दिवस, चिठ्ठी घेऊन. त्या दिवसांबद्दल सगळ्यांनीच लिहिलंय, सगळ्यांनीच भोगलंय. मी जास्त सांगत नाही.

सांगायचं ते घरातलं. तुळजापूरचं देऊळ बंद होतं. पंढरपूरचंही. गावातल्या मारुतीच्या दाराला कुलूप होतं. माणूस बुडायला लागला की ज्या दारात जातो ती सगळी दारं सरकारी आदेशानं बंद. आई उंबऱ्यावर उगवतीकडं तोंड करून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, म्हणजे घरातल्यांनी ऐकावं अशा बेतानंच म्हणाली: "आई राजा, माजा लेक उभा कर. तुला साडीचोळी करीन. पाच मंगळवार जोगवा मागीन."

नवस असाच बोलतात, साक्षीनं. मनातल्या मनात बोललेला नवस कच्चा. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, मी ओसरीवर. आम्ही दोघं साक्षीदार.

मी स्वतः काय केलं? मी पुण्यात राहतो, देवाचं फारसं करत नाही. पण त्या रात्री दवाखान्याच्या पार्किंगमध्ये मोटारसायकलवर बसून मी जे बडबडत होतो त्याला प्रार्थनाच म्हणावं लागेल. मी कुणाचं नाव घेतलं नाही. मी सौदा करत होतो. माझी दहा वर्षं घे म्हणालो. मग वाटलं, दहा कमी पडतील. पंधरा म्हणालो.

चैत्री पौर्णिमेच्या दोन दिवस आधी पहाटे दादा गेला. ४४ वर्षांचा होता.

त्याच्या शेजारच्या बेडवर एक माणूस होता, त्याच वयाचा, त्याच स्कोअरचा. त्याच्या बायकोनंही नवस बोलला होता, कुठल्या देवाला ते विचारलं नाही. तो बरा झाला. आठ दिवसांनी मी दादाचं बिल, कागद, मोबाईल आणायला गेलो तेव्हा त्याच्या मेव्हण्यानं माझ्या हातावर पेढा ठेवला. त्याला माहीत नव्हतं. मी तो पेढा खाल्ला. "देवानं वाचवलं बघा," तो म्हणाला.

हे वाक्य माझ्यात काट्यासारखं मोडून राहिलं. देवानं ह्या बेडवरच्याला वाचवलं, तर त्या बेडवर त्यानं काय केलं? दोन बेडमध्ये हातभर अंतर होतं. एक पडदाही नव्हता. ज्यांचं भलं होतं त्यांनी देवाचे आभार मानावेत, माझी हरकत नाही, माझा भाऊ वाचला असता तर मीही पेढे वाटत फिरलो असतो. पण ते आभार ऐकणाऱ्यांत कुणीतरी शेजारच्या बेडचाही असतो, एवढं ध्यानात राहावं.

मग सांत्वनं सुरू झाली, फोनवरच. चांगली माणसं देवाला लवकर लागतात. त्याच्या मनात असेल ते. जे होतं ते भल्यासाठी. एका नातेवाईक बाईनं आईला विचारलं की नवस नीट बोलला होतास ना, पाण्यात हात घालून? आईनं फोन माझ्या हातात दिला आणि गोठ्याकडं निघून गेली.

एका कीर्तनकार पाहुण्यांनी अण्णांना तुकोबा ऐकवले. "बाईल मेली मुक्त झाली । देवें माया सोडविली ॥ पोर मेलें बरें झालें । देवें मायाविरहित केलें ॥" अण्णा हूं हूं करत होते. मला तो फोन फेकून द्यावासा वाटला. पुढं कितीतरी दिवस मला कळत नव्हतं की चुकलं काय, कारण अभंग तर तुकोबांचा, आणि त्यांच्या तोंडी तो खोटा नाही. १६३०च्या दुष्काळानं या माणसाचं घर धुऊन नेलेलं. बायको अन्न अन्न करत मेली, मुलगा मेला, दुकानाचं दिवाळं वाजलं. त्यानंतर त्यानं "बरें झालें" म्हटलं ते स्वतःला. सगळं संपल्यावर, स्वतःच्या तोंडानं. दुसऱ्याच्या मेलेल्या पोराला "बरं झालं" म्हणा, असं तुकोबांनी कुणाला सांगितलेलं नाही. शिवाय ज्या गाथेत "बरें झालें" आहे त्याच गाथेत "माझे लेखीं देव मेला । असो त्याला असेल" हाही अभंग आहे. गोष्टी करत नाही, नाव घेत नाही, आपलं तुटलं, असं देवाला तोंडावर सांगणारा. तो कुणी फोनवर ऐकवत नाही.

अण्णांनी पहिले दहा दिवस काहीच म्हटलं नाही. सुतकात हरिपाठ नव्हता, तो नियम म्हणून नाही म्हटला असं समजून चालू. पण चौदाव्या दिवशीही टाळ खुंटीवरच राहिले. पंधराव्या दिवशीही. एकतीस वर्षांत तापानं फणफणलेला असतानाही ह्या माणसानं संध्याकाळचा हरिपाठ चुकवला नव्हता. मी घाबरलो. मी स्वतः देवाचं करत नसलो तरी अण्णांचा देव जागेवर असावा असं मला वाटत होतं. घराचा मधला खांब असतो, त्याच्याकडं आपण रोज बघत नाही.

एका दुपारी ते गाथा घेऊन बसलेले दिसले. शेवटाकडची पानं. मी जवळ गेलो तर म्हणाले, "हे वाच. माझा चष्मा नीट नाही." चष्मा नीट होता.

ते कान्होबांचे अभंग होते. कान्होबा म्हणजे तुकोबांचा धाकटा भाऊ. फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा गेले, आपण ती बीज म्हणून पाळतो, वैकुंठाला गेले म्हणतो, विमानाची चित्रं लावतो. पण त्या दिवशी देहूत एका माणसाचा भाऊ घरी परत आला नाही. साडेचार हजारांवर अभंगांच्या त्या जाड पोथीच्या शेवटाकडं हा भाऊ रडत बसलेला आहे, आणि वाळवंटात कीर्तनं ऐकणाऱ्या घरात वाढून मला त्याचा पत्ता नव्हता. "दुःखें दुभागलें हृदयसंपुट । गहिंवरें कंठ दाटताहे." मी वाचत गेलो. मग तो रडायचा थांबतो आणि विठोबाच्या अंगावर जातो. तुझ्या धिंदड्या करीन म्हणतो. आणि मग:

केली तरी बरें मज भेटी भावास ।
नाहीं तरी नास आरंभिला ॥

भावाला भेटवलंस तर बरं, नाहीतर तुझा नाश मी सुरू केलाच आहे म्हणून समज. मरावं नाहीतर मारावं असा प्रसंग आलाय, भीड धरणार नाही, वगैरे. शेवटी "तुकयाबंधु म्हणे". ही त्याची सही. स्वतःचं नाव नाही, तुकयाचा भाऊ.

मी धाकटा भाऊ. गावात मला निम्मे लोक दादाच्या नावानं ओळखतात, ड्रायव्हरचा भाऊ म्हणून. माझा आवाज तिथं फुटला. अण्णा म्हणाले, "फुडं वाच." वाचवेना. तेव्हा त्यांनी गाथा माझ्याकडून घेतली आणि चष्म्याशिवायच, पाठ असल्यासारखं, तो अभंग मोठ्यानं म्हटला. चालीत नाही. भांडल्यासारखा. देव्हाऱ्याकडं बघून. त्या संध्याकाळी टाळ खुंटीवरून खाली आले.

मला तेव्हा हे नीट मांडता आलं नसतं, आताही येईल की नाही कोण जाणे. मी समजत होतो की देवावर विश्वास म्हणजे तो देईल असा विश्वास. दिलं नाही की तो मोडायला हवा, आणि मोडला नाही तर माणूस स्वतःला फसवतोय. अण्णांकडं बघून लक्षात आलं की त्यांच्या लेखी विश्वास म्हणजे बोलणं चालू ठेवणं. त्यात शिव्या बसतात, अबोला बसतो, पंधरा दिवस टाळ खुंटीवर ठेवणं बसतं. ज्याच्याशी संबंध संपला त्याच्याशी माणूस भांडत नाही. कान्होबाला भाऊ परत मिळाला नाही. तरी त्या अभंगातलं एक अक्षरही कुणी नंतर खोडलं नाही. वारकऱ्यांनी ते तुकोबांच्याच गाथेत, तुकोबांच्याच शेजारी ठेवलं आणि जपलं. देवाला धमकी देणारं बोलणं ज्या परंपरेनं पोथीत बांधून पूजेला लावलं, तिला उगाच गोडगोड समजायची माझी खोड त्या दुपारी गेली.

आईचं मात्र निराळं. आई भांडली नाही. निदान आमच्या समोर नाही. नवरात्रात, ७ ऑक्टोबरला, देवळं उघडली आणि दिवाळी होताच तिनं साडीचोळीचा विषय काढला.

मी म्हणालो, "कशाचा नवस? ती पावली कुठं?"

"बोललेय मी."

"अगं पण अट होती ना. त्याला उभा कर, मग देईन. तिनं तिचं केलं नाही, तर तू तुझं का करायचं?" हे मी एखाद्या वकिलासारखं बोललो. ऐकायलाच वाईट वाटत होतं, तरी बोललो. खरं तर मला साडीचा राग नव्हता. तिथं जाऊन हात जोडायचे, त्याचा होता.

आई गहू निवडत होती. ताटलीतला हात थांबला नाही. "शबूद मी दिलता," ती म्हणाली. "तिनं कुठं दिलता?"

मी गप्प झालो. चार इयत्ता शिकलेल्या बाईनं माझा अख्खा व्यवहार एका वाक्यात उलटा करून ठेवला होता. मी तो करार समजत होतो, दोन बाजूंचा, एकीनं मोडला की दुसरी मोकळी. पार्किंगमध्ये मीही तसलाच करार मांडला होता, आणि पलीकडून सही झाली नाही म्हणून महिनोन्महिने फसवला गेल्यासारखा फिरत होतो. आईच्या हिशेबात पलीकडून सही कधी मागितलेलीच नव्हती. तिनं गरजेच्या वेळी तोंडातून शब्द काढला, तो तिचा होता, तो तिला बुडवायचा नव्हता. आता म्हातारपणी कुणाचं बाकी ठेवायचं नाही, इतकं साधं. याला श्रद्धा म्हणायचं की गावाकडच्या बाईची देण्याघेण्यातली ताठ मान म्हणायची, मला ठरवता येत नाही. मला तर तिच्यात दोन्ही वेगळी दिसतच नाहीत.

तुळजापूरला देवीकडं चढून जायचं नसतं, उतरून जायचं असतं. महाद्वारातून पायऱ्या खाली जातात. आई एकेक पायरी बसत बसत उतरली, गुडघे गेलेत. वाटेत कल्लोळ तीर्थ, गोमुख. मास्क लावलेली माणसं, तरी गर्दी. आत चिंतामणीचा दगड आहे, वाटोळा. त्यावर दोन्ही हात ठेवून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही, हललाच नाही तर उशीर लागेल. शिवाजी महाराज मोहिमेला निघताना इथं कौल घ्यायचे असं सांगतात. लोक रांगेत उभे होते, नोकरी, लग्न, कोर्टाची तारीख. लहानपणी दादानं त्याच्यावर हात ठेवून मी पास होईन का विचारलं होतं आणि दगड हलला नाही म्हणून दोन दिवस जेवला नव्हता. मी नकळत तिकडं वळलो. आईनं दंड धरून मागं ओढलं. "आता कशाला? इचारायचं तवा दारं बंद हुती."

तिचा राग तेवढाच बाहेर आला. नाही, अजून एकदा. रांगेत उभं असताना देवीच्या निद्रेचं बोलणं निघालं. तुळजाभवानी वर्षातून तीनदा झोपते. नवरात्राआधी घोर निद्रा, दसऱ्यानंतर श्रम निद्रा, पौषात शाकंभरी नवरात्राआधी मोह निद्रा. मूर्ती सिंहासनावरून काढून पलंगावर निजवतात. चल मूर्ती म्हणून हे जमतं. पुढची बाई कुणाला तरी हे समजावून सांगत होती. आई ऐकत होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "चैतात न्हाई झोपत ती. जागी हुती."

गाभाऱ्यासमोर पोचल्यावर साडीचोळी पुढं केली, ओटी भरली. मागून लोटत होते. आईनं एकदम तोंडावरचा मास्क खाली ओढला. मी म्हटलं, "आई, मास्क." ती म्हणाली, "बघू दे की मला नीट." कुणी कुणाला बघायचं होतं ते मला कळलं नाही. दोघींनी एकमेकींकडं बघितलं एवढं खरं. हात जोडलेले होते, मान वाकवलेली नव्हती.

परतीच्या जीपमध्ये तिनं एकच गोष्ट विचारली. दादाच्या शेजारच्या बेडवरचा तो माणूस बरा आहे का. मी म्हटलं, असेल. "फोन कर एकदा," म्हणाली. "त्याला दम लागत आसंल आजून."

पुढच्या वर्षी, २०२२ला, वारी पुन्हा निघाली. अण्णा ७४ वर्षांचे. डॉक्टर नको म्हणाले, अण्णांनी ऐकलं नाही, म्हणून मी वेळापूरच्या अलीकडं जाऊन त्यांना गाठलं आणि पुढचे दिवस बरोबर चाललो. वेळापूरच्या आधी धावा होतो. इथल्या टेकडावरून तुकोबांना पंढरीचा कळस दिसला आणि ते धावत सुटले, अशी कथा. तिथं पोचलं की लाखो माणसं उतारावरून पळत सुटतात. म्हाताऱ्या, पोरं, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. कळस काही दिसत नाही, मैलोन् मैल लांब आहे. अण्णा धावले. धोतराचा सोगा धरून, तोंड उघडं टाकून धावले. मी मागं. टपावर उभा राहून कळस शोधणारा दादा मला तिथं आठवला, आणि तेवढ्यापुरतं मला ते धावणं परकं वाटलं नाही.

रात्री मुक्कामी त्यांना विचारलं, "विठ्ठलापुढं काय मागणार आता?"

"मागायला येळ कुठं असतो?" ते म्हणाले. "वीस-वीस तास रांग. पायावर डोकं टेकलं की बडवत्यात मागनं, चला फुडं चला फुडं. दोन सेकंदं. त्यात काय मागतो? त्यो हाय का बघायचं, आन् आपुन आलोय हे दावायचं."

आषाढीला सगळ्यांचा देव झोपी जातो, देवशयनी म्हणतात तिला. पंढरीत मात्र उलट. यात्रेच्या आधी विठोबाचा पलंग काढतात, प्रक्षाळपूजेपर्यंत तो झोपत नाही, रात्रंदिवस उभा. पाठीला लोड लावतात. अण्णांना ह्याचं फार. "आपुन चालून दमतो, त्यो उभा राहून दमतो," म्हणतात. मला यात आनंद वाटतो आणि प्रश्नही पडतो. जागा असून करतो काय?

देवळाच्या महाद्वारासमोर नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी. अण्णा आधी तिथं थांबतात. मी इतकी वर्षं तो दगड ओलांडून गेलो असेन. चोखोबांना आत यायचं होतं, बस्स. एवढीच मागणी. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधताना ती कोसळून ते गाडले गेले, नामदेवांनी त्यांची हाडं आणून इथं, दाराबाहेर ठेवली. पोरगा कर्ममेळा ह्यानं तर विठोबाला सरळ विचारलं: "आमुची केली हीन याती । तुज कां न कळे श्रीपती ॥ जन्म गेला उष्टें खातां । लाज न ये तुमचे चित्ता ॥" उत्तर आलं नाही. १९४७ साली साने गुरुजी पंढरपुरात उपोषणाला बसले तेव्हा कुठं ते दार दलितांना उघडलं. सहाशे वर्षं. आता कुणी म्हणेल, बघा, प्रार्थना शेवटी पोचली. मला तसं म्हणायला जीभ रेटत नाही. मधल्या सहाशे वर्षांत जे बाहेर उभे राहून मेले त्यांना कुणी विचारलंय का? आणि दार उघडलं ते माणसांनी, उपाशी बसून. त्यांच्या हातात देव होता असं अण्णा म्हणतात. असेल. माझं म्हणणं इतकंच की कर्ममेळ्यानं तो प्रश्न विचारून ठेवला नसता तर उघडायला काही उरलं नसतं.

अण्णांनी समाधीवर डोकं टेकवलं, उठताना माझा खांदा धरला. आत आम्हाला दोन सेकंदही मिळाले नाहीत.

जोगव्याचं सांगायचं राहिलं.

तुळजापूरहून आल्यावरच्या पहिल्या मंगळवारी आईनं अंघोळ केली, कवड्यांची माळ घातली, परडी घेतली आणि मागच्या दारानं बाहेर पडली. पाच घरं मागायची. गावात कुजबूज होतीच, न पावलेल्या नवसाचा कसला जोगवा म्हणून. मी ओसरीवर बसून होतो. वहिनीनं दादा गेल्यापासून देव्हाऱ्यात दिवा लावला नव्हता. आईनं तिला कधी लाव म्हटलं नाही, स्वतः लावायची. हळदीकुंकवाचा करंडा वहिनीनं कपाटात वर ठेवून दिला होता.

आई गल्लीतून वळसा घालून आली आणि आमच्याच पुढच्या दारात उभी राहिली. परक्यासारखी, उंबऱ्याबाहेर. "आई राजा उदो उदो," म्हणाली. "जोगवा वाढा."

वहिनी आतून आली. माझ्याकडं बघितलं. जोगवा वाढायचा म्हणजे पीठ घालायचं, आणि मागणाऱ्या बाईला हळदकुंकू लावायचं. "मामी, मी कशी..." ती म्हणाली.

आई काही बोलली नाही. परडी धरून उभी राहिली, कपाळ जरा पुढं केलेलं.

वहिनी आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. ती बरीच मिनिटं आतच होती. आली तेव्हा एका हातात ज्वारीच्या पिठाची वाटी होती, दुसऱ्यात करंडा. पीठ परडीत घातलं. मग बोट बुडवून आईच्या कपाळाला लावलं, हळद आधी, कुंकू मग. बोट थरथरत होतं, कुंकू नाकावर सांडलं.

"झालं?" वहिनीनं विचारलं.

"अजून चार घरं हायेत," आई म्हणाली आणि पायरी उतरली.